मावशीच्या नाचण्याचा अर्थ

मला मराठवाड्यातल्या वरातींमधल्या गाण्यांचा अभ्यास करायचा होता. एवढंच. आमच्या मानवशास्त्र विभागातल्या सरांनी त्याच्या मागे ‘लोकसंस्कृती’, पुढे ‘अस्मिता’ आणि मधे ‘प्रतिकार’ हे शब्द घातले. शीर्षक वाचताना धाप लागायला लागली, तेव्हा ते समाधानाने म्हणाले, “आता हा पीएचडीचा विषय झाला.”

अभ्यासासाठी मी हट्टा हे गाव निवडलं. तिथे माझी मावशी दिलेली आहे आणि तिच्या हातची आमटी चांगली असते. अर्जात मी लिहिलं की या गावाशी संशोधिकेचे पूर्वापार विश्वासाचे संबंध आहेत. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे, पण फेलोशिप दुसऱ्या वाक्यावर मिळते.

मावशी पन्नाशीची, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. घरची हळद आणि सोयाबीन. काका कमी बोलतात, कारण बोलायला जागाच उरत नाही. मी बॅग ठेवली तशी मावशीने विचारलं, “कशाची परीक्षा देऊन राहिली तू?”

“परीक्षा नाही गं, संशोधन. वरातीत लोक कोणती गाणी लावतात आणि त्यातून स्वतःला काय समजतात, ते बघायचं.”

“काय समजतात म्हंजी? नवरदेवाकडचे समजतात सोताला!”

ते मी लिहून घेतलं. सगळ्या प्रबंधात सरांनी खाडाखोड न केलेलं तेवढं एकच वाक्य आहे.

त्याच आठवड्यात मावशीच्या पुतण्याचं लग्न होतं. भर दुपारी वरात निघाली. मुहूर्त टळला होता. मांडवातले भटजी माइकवरून “नवरदेवाला आणा, नवरदेवाला आणा” असं काकुळतीने ओरडत होते आणि नवरदेव घोड्यावर बसून डीजेच्या गाडीमागे मुंगीच्या पावलांनी सरकत होता. गाडीवर एक तेलुगू गाणं वाजत होतं. तेलंगण आमच्यापासून फार लांब नाही, पण गावात तेलुगू कुणालाच येत नाही. तरी सगळ्यांना ते गाणं पाठ होतं.

मी प्रश्नावली घेऊन नवरदेवाच्या मामांना गाठलं. “या गाण्याशी तुम्ही स्वतःला कसं जोडता?”

“काय?”

मी ओरडून पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, “काय?” मग स्वतःचा रुमाल माझ्या हातात देऊन ते नाचायला गेले.

आणि मग मावशी आली. तिने पदर कंबरेला खोचला, चपला कडेला काढल्या आणि अशी नाचली, की पोरांनी मागे सरून तिला जागा करून दिली. मी मोबाइलवर सगळं टिपलं. जेवणं झाल्यावर तिला विचारलं, “मावशी, तेलुगू गाणंच काहून?”

“ठोका चांगला हाय.”

“आणि अर्थ?”

“अर्थ कळला असता तर नाचू दिलं असतं का तुझ्या काकानं?”

विद्यापीठात परत गेल्यावर मी ती चित्रफीत चर्चासत्रात दाखवली. मावशीचा हात वर गेला त्या क्षणी सरांनी ती थांबवली. पडद्यावर मावशी, हात आभाळात. सर उठून पडद्याजवळ गेले.

“हा हात बघा. हा हात पितृसत्तेला थांबवतोय.”

“सर,” मी म्हणाले, “ती काकांना सांगत होती, मोटरसायकल बाजूला घ्या म्हणून.”

सर कनवाळूपणे हसले. “नाचणाऱ्याला आपल्या कृतीचा अर्थ ठाऊक नसतो. तो आपण सांगायचा असतो.” सगळ्यांनी हे लिहून घेतलं. तेलुगू गाण्यातून सीमाभागाची संमिश्र अस्मिता दिसते का, असं एकाने विचारलं. तेवढ्यात चहा आला, म्हणून सीमाभाग वाचला.

पुढच्या खेपेला मी हे मावशीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

“कोण कोण होतं बघायला?”

“सर, विद्यार्थी. एक परदेशी बाई पण होत्या.”

मावशीने उठून आरशात बघून केस सारखे केले. तिच्या बाबतीत हे नवीनच होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की तिचा नाच विद्यापीठात शिकवतात.

मग शेजारच्या गावी, जवळा बाजारला, एक लग्न निघालं. मावशी नऊवारी नेसून आली. तिचं गाणं लागलं. ती मधोमध गेली, हात वर केला आणि तशीच उभी राहिली. मागच्या बाया तिच्यावर आदळल्या. तिची सून म्हणाली, “आत्याबाई, नाचा ना!”

“हात असाच धरायचा असतो,” मावशी म्हणाली. “त्याला अर्थ हाय.”

गाणं संपेपर्यंत ती हलली नाही. घरी आल्यावर मात्र भाकरी थापता थापता थांबली. “आता नाचाय गेलं की वाटतं, कुणी तरी बघून राहिलंय, अर्थ काढून राहिलंय. पायच उचलत न्हाई. काय केलंस गं बाई तू हे?”

मानवशास्त्रात यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. मी पुढचा गोळा मळायला घेतला.

त्यानंतर सर स्वतः हट्ट्याला आले. त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या होत्या. मावशीच्या घरात जातं नव्हतं. पीठ गिरणीतून येतं आणि गाणं डीजेवरून. पण सर येणार म्हटल्यावर तिने शेजारच्या गोठ्यातून जातं मागून आणलं, घासून धुतलं आणि मोबाइलवर बघून ओव्या पाठ केल्या.

सर सतरंजीवर बसले. रेकॉर्डर सुरू झाला. मावशी दळत दळत गाऊ लागली. आवाज मुळात गोड आहे तिचा. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. “कुणाकडून आली ही ओवी तुमच्याकडे?”

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं. “आमच्या सासूबाईंकडून.”

ओसरीवर काकांना जोराचा खोकला आला. त्यांच्या आईला गाण्याचा इतका तिटकारा होता, की घरात कुणी गुणगुणलं तरी ती पाण्याचा तांब्या आपटायची.

मी सरांना हळूच सांगितलं, की हे मोबाइलवरचं आहे. ते म्हणाले, “परंपरा माध्यम बदलत असते.”

इतक्यात गल्लीच्या तोंडाशी डीजे वाजला. मांडणीवरची भांडी थरथरायला लागली. तेच तेलुगू गाणं. सर कळवळून म्हणाले, “हे आक्रमण आहे. यानेच ओव्या संपवल्या.” मावशीचा हात जात्याच्या खुंट्यावर होता, पण नऊवारीच्या काठाखाली पायाचा अंगठा ठोका धरत होता. एक ओवी तिने कशीबशी पुरी केली. दुसरीत अडखळली. मग उठलीच.

“सर, तुमी चहा घ्या निवांत. शेजारच्या पोराचं लग्न हाय. न्हाई गेलं तर राग धरतील.”

दारात ती मला म्हणाली, “तो मोबाइल ठेव घरात. अन् चल.”

मी मोबाइल सरांच्या रेकॉर्डरशेजारी ठेवला आणि गेले. मावशीने आधी इकडे तिकडे पाहिलं. कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं, ज्याचं त्याचं नाचणं चाललं होतं. तिने पदर खोचला. मग मीही नाचले. मला नाचता येत नाही हे गल्लीला त्या दिवशी कळलं आणि बायांनी माझे हात धरून मला ठोका शिकवला. इतकं हसून मी कधीच दमले नव्हते. सर ओट्यावर उभे राहून बघत होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत.

प्रबंधातलं ओव्यांचं प्रकरण सगळ्यांना आवडलं. रेकॉर्डिंगमध्ये ओवीखाली डीजेचा ठोका येत होता, तो सरांनी एका जाणकाराकडून काढून घेतला. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, “ही परंपरा त्या घरात किती जुनी?” मी म्हणाले, “सर येणार असं कळलं तेव्हापासूनची.” परीक्षकांना वाटलं मी विनोद केला. पदवी मिळाली.

गल्लीतल्या त्या नाचावर मी एक पान लिहिलं होतं. सरांनी त्याच्या कडेला तांबड्या शाईने ‘पुरावा?’ एवढंच लिहिलं. माझ्याकडे काहीच नव्हतं. ते पान मी काढून टाकलं.

पदवीची बातमी कळल्यावर मावशीचा फोन आला. “त्या पुस्तकात मी हाय ना?”

“आहेस. ओव्या गाताना.”

“अन् नाचताना?”

“नाही गं. ते नाही घेतलं त्यांनी.”

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, आणि नाच पुस्तकात गेला नाही, हे काकांना ओरडून सांगायला लागली.