तीन घरांचा घेवडा

कुणी हातावर बी ठेवलं की मामा ते आधी तोंडात टाकायचे. पुढच्या दातांत धरून चावायचे आणि मान कलती करून ऐकायचे. कट् असा आवाज आला तर बी वाळलं. दात रुतला तर ओलं. "अजून ऊन दावा त्येला," असं म्हणून बाकीचं बी परत करायचे आणि चावलेलं गिळून टाकायचे. बी थुंकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तुमच्यापैकी जे इथल्या माउंट रॉस्किल भागात राहतात त्यांनी त्यांना पाहिलं असणार. पांढरा पायजमा, वर जावयाचा फुगीर निळा कोट, थंडीतही पायात जँडल्स म्हणजे रबरी सपाता, आणि कुणाच्या तरी कुंपणावरून आत डोकावणं चाललेलं. एकदा एका घरातून एक गोरे गृहस्थ बाहेर आले आणि काय हवंय म्हणून विचारू लागले. मामांना इथला एकच शब्द येत होता, माओरी लोकांचा नमस्कार. "किया ओरा," ते मोठ्यानं म्हणाले आणि भोपळ्याकडे बोट दाखवलं. घरी आले ते भोपळा काखेत घेऊनच. भाजी आम्ही खाल्ली. बिया त्यांनी ठेवल्या.

त्यांची मुलगी इथल्या हॉस्पिटलच्या औषधविभागात काम करते. तिला आम्ही ताई म्हणतो. ताईच्या भाड्याच्या घरामागे दोन खोल्या होत्या, त्यात मी आणि माझा नवरा राहत होतो. अंगण दोघांचं एकच. माझं माहेर मामांच्या गावापासून दोन गावं सोडून निघालं, म्हणून ते माझे मामा झाले. ते मला पोरी म्हणायचे. माझी पन्नाशी उलटली आहे.

ते इथे तीनदा आले, दर वेळी काही महिन्यांसाठी. विमानतळावर बियाणं चालत नाही हे ताईनं आधीच बजावलं होतं, म्हणून येताना ते सदऱ्याचे खिसे उलटे करून झटकून आले होते. पहिल्यांदा आले ते मे महिन्यात. ताईच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं. त्यावर मृग लागलेला दिसला तसं त्यांनी अंगण खणलं आणि दुकानातून आणवलेली भेंडी नि गवार पेरून टाकली. पाऊस पडतच होता. रोज सकाळी ते वाकून बघायचे. काही दिवसांनी माती उकरली तर बी बुळबुळीत झालेलं.

"मृग हाय, पाऊस हाय, मग उगवत कशापाई न्हाई?"

"आबा, इथे आता हिवाळा आहे. डिसेंबरात उन्हाळा असतो," ताई म्हणाली.

त्यांनी कॅलेंडरची पानं पुढे उलटली. मग म्हणाले, "म्हंजी दिवाळीला मृग म्हणायचं." पुढच्या दोन्ही खेपांना ते दिवाळीच्या बेतानं आले.

गावाकडे त्यांचं काम बियाण्याचंच होतं. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून जोंधळ्याचं आणि घेवड्याचं बी आपलं आपणच करायचं ठरवलं होतं. कुणाच्या रानात कोणतं बी धरायचं ते देवळात बसून ठरायचं. पीक फुलोऱ्याला आलं की सगळे मिळून त्या रानातून फिरायचे आणि वेगळं दिसेल ते ताट, म्हणजे अख्खं रोप, उपटून टाकायचे. याला भेसळ काढणं म्हणतात. त्या दिवशी रानमालकानं बांधावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असा रिवाज. आपलं हिरवंगार ताट आपल्या हातानं उपटवत नाही, म्हणून ते दुसऱ्यांनी उपटायचं. सुगीनंतर बी वाटायचं. मूठ नेली त्यानं पुढल्या साली दोन मुठी आणायच्या.

हे सगळं त्यांनी रॉस्किलच्या अंगणात चालू केलं. एके सकाळी ताईनं लावलेलं टोमॅटोचं झाड मुळासकट बाहेर पडलेलं होतं.

"आबा! अहो, त्याला टोमॅटो लागले होते!"

"लागले व्हते. पन पान बघ त्येचं. भेसळ हाय ती. आन् तू मधी बोलू नगंस, बांधावर बस."

बांध नव्हता. ताई लाकडी पायरीवर जाऊन बसली. हातात चहाचा कप होता, तो तसाच गार झाला.

घेवडा मिळाला तो दुसऱ्या खेपेला. शहराबाहेर पुकेकोहेच्या बाजूला एका गुजराती म्हातारीचा भाजीचा मळा होता. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून तो चालत आलेला, पण मुलं शहरात गेली आणि जमीन विकायला काढली होती. ताईनं आम्हाला तिथे भाजी घ्यायला नेलं. एका कडेला वेलीचा घेवडा होता, शेंगेवर जांभळे पट्टे. मामांनी शेंग फोडली, तर आतल्या दाण्यावरही तसेच पट्टे. त्यांनी दाणा तोंडात टाकला, आवाज ऐकला आणि होते तिथेच मातीत बसले. आमच्याकडच्या वाघ्या घेवड्यासारखाच दिसत होता तो. तोच होता का, ते कुणाला माहीत. म्हातारी म्हणाली, हा माझ्या सासूच्या हातचा आहे, आता पुढे कोण लावणार. मामांना गुजराती येत नव्हती, तिला मराठी. तरी दोघं बराच वेळ बोलली. निघताना तिनं उरलेलं सगळं बी त्यांच्या टोपीत ओतलं. पुढच्या वर्षी त्या जागी घरं उभी राहिली.

तेव्हापासून मामांना एकच घोर. हे बी आपल्या हातात संपता कामा नये.

"बी एका घरात ठिवलं की ते त्या घराच्या चुलीचं," ते म्हणायचे. "तीन घरं पायजेत. एक बुडालं, दुसरं रुसलं, तरी तिसरं ऱ्हातं."

ती तीन घरं तिसऱ्या खेपेला करावी लागली, कारण तोवर रॉस्किलचं घर मालकानं विकलं होतं. ताईनं टाकानिनीला नवं घर घेतलं. आम्ही रॉस्किलमध्येच दुसरीकडे दोन खोल्या शोधल्या. मामा आले आणि त्यांनी टाकानिनीचं अंगण पायाच्या अंगठ्यानं उकरून पाहिलं. निम्म्यात सिमेंट, निम्म्यात बिल्डरनं वरची माती नेल्यावर उरलेली पिवळी चिकणमाती, तिच्यावर गालिच्यासारखं अंथरलेलं गवत.

ताईनं बरणीत जपलेल्या बियांतलं मूठभर बी त्यांनी मागे राखलं आणि बाकीच्याचे तीन वाटे केले. एक ताईकडे, एक माझ्याकडे, एक रॉस्किलच्या डॉक्टरीणबाईंकडे. डॉक्टरीणबाई पुण्याच्या. त्यांच्याकडे मोठं अंगण आणि जुनी, काळी माती. मामांनी त्यांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. हे बियाण्याचं पीक आहे. आणि यातला दाणासुद्धा सध्या कुणाला द्यायचा नाही.

"डोन्ट वरी काका, मी अगदी जिवापाड जपेन," त्या म्हणाल्या.

ताईकडचा घेवडा चिकणमातीत पाणी साचून कुजला. माझ्याकडचा गुडघ्याएवढा झाला होता, तेव्हा घरमालकाचा गवत कापणारा माणूस आला आणि कुंपणाच्या कडेनं मशिन फिरवून गेला. मामांनी राखलेली मूठ त्याच जागी पुन्हा लावली. ती गोगलगाईंनी खाल्ली. मामा म्हणाले, "दोन घरं गेली." आणि ते रोज डॉक्टरीणबाईंना फोन करू लागले. तिकडे घेवडा जोरात होता. त्या त्याचे फोटो पाठवायच्या आणि मामा ते मोठे करून पानन् पान बघायचे.

भोगीच्या दिवशी ताईनं मला जेवायला बोलावलं होतं. आम्ही पानं घेतली तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. छान साडी नेसलेल्या, हातात स्टीलचा डबा. त्यांनी डबा मामांसमोर ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

"काका, पहिला तोडा. भोगीची भाजी केली. घरात कुणी चवसुद्धा घेतलेली नाही. आधी तुम्हाला."

मामांनी झाकण उघडलं. वांगी, गाजर, तीळ, आणि घेवडा. पुष्कळ घेवडा.

"समद्या तोडल्या?"

"सगळ्या! आणि वेल काढून जागाही साफ केली. तिथे मुलांचं ट्रॅम्पोलिन येतंय ना."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मामांनी भाकरी मोडली आणि भाजी खाल्ली. पुन्हा वाढून घेतली. पहिला तोडा घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचा, ही त्यांच्याही घरची रीत. त्या रीतीला ते नावं कशी ठेवणार? डबा रिकामा होईपर्यंत ते जेवले.

"चव हाय," ते म्हणाले. मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तिसरं बी गेलं."

तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो काका, बियाण्याचं म्हणजे शेंगाच ठेवायच्या होत्या? मला वाटलं, बियाणं म्हणजे जातिवंत, चांगल्या प्रतीचं. आय ॲम सो सॉरी." त्या रडायलाच लागल्या.

"रडू नगंस. खाल्लं की सगळ्यांनी. खायाचंच असतं ते."

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "काका, अजून एक सांगायचंय, पण चिडू नका. तुम्ही कुणाला द्यायचं नाही म्हणाला होता. पण पेरत होते तेव्हा शेजारच्या सामोअन आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांनी बिया मागितल्या. मला नाही म्हणवेना. चार दाणे दिले त्यांना."

मामा हात न धुताच उठले.

आम्ही सगळे ताईच्या गाडीतून रॉस्किलला गेलो. सामोअन आजींच्या बाजूनं ते कुंपण पूर्ण हिरवं झालं होतं. आजी फुलाफुलांच्या झग्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर तोडलेल्या शेंगांचं पातेलं, सापासुई करायला. ती त्यांच्याकडची शेवयांची भाजी. मामांनी हात जोडले. "किया ओरा."

आजी खदखदून हसल्या. त्यांच्या बेटांवरचा नमस्कार वेगळा. "आय ॲम सामोअन, पापा. टालोफा!"

"टालोफा," मामा म्हणाले, आणि थेट वेलात शिरले. वरच्या शेंगांकडे बोट दाखवून त्यांनी तोंडाशी हात नेला, म्हणजे या खा. बुडाच्या जाडजूड शेंगांवर हात ठेवून नकारार्थी मान हलवली. मग खिशातला रुमाल फाडून त्याच्या चिंध्या त्या शेंगांच्या देठांना बांधू लागले. डॉक्टरीणबाई इंग्रजीत समजावून सांगायला पुढे झाल्या, पण आजींनी त्यांना थांबवलं.

"फॉर सीड. आय नो, आय नो. स्वीट ॲज, पापा." म्हणजे, काही काळजी नको.

शेंगा वाळायला अजून अवकाश होता आणि मामांचा व्हिसा फेब्रुवारीत संपत होता. विमानतळावर त्यांनी बाकी कुणाला काही सांगितलं नाही. मला म्हणाले, "पोरी, तेवढं बघ. त्या बाईच्या डोळ्यासमोर जाऊन नुसती बसलीस तरी पुरं." एवढंच बोलून ते आत गेले. सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यांचा निळा कोट बराच वेळ दिसत होता.

मी पेनरोजला एका गोदामात पॅकिंगचं काम करते. शनिवारी सुट्टी. दर शनिवारी मी आजींकडे जाऊन बसायचे. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी ऐकायचे. त्यांनी चिंधीची एकही शेंग तोडली नाही. हवा गार होऊ लागली तेव्हा शेंगा खुळखुळायला लागल्या. आम्ही दोघींनी त्या पायरीवर बसून सोलल्या. आजींनी बरणीत आपला वाटा ठेवला, माझ्या ओंजळीत माझा घातला. उरलेलं बी छोट्या छोट्या पाकिटांत भरायला घेतलं. कुणासाठी, असं मी खुणेनं विचारलं.

"चर्च," आजी म्हणाल्या. आणि दोन्ही हात लांबवर पसरले.

मी माझ्या ओंजळीचे तीन वाटे केले. ताईनं आता लाकडी पेटीत चांगली माती भरून घेतली आहे. डॉक्टरीणबाईंकडे ट्रॅम्पोलिनच्या कडेनं जागा आहे. तिसरा वाटा माझा. मामांना फोन केला. "तीन झाली?" त्यांनी विचारलं. "तीन झाली, आणि आजींची चौथी." पाकिटांचं मी सांगितलं नाही. त्यांना आवडेल की नाही, मला ठरवता येईना.

पुढच्या उन्हाळ्यात मी बसनं कामावर जात होते. सिग्नलला बस थांबली. एका घराच्या पुढच्या कुंपणावर वेल चढलेली होती आणि तिच्यावर जांभळ्या पट्ट्यांच्या शेंगा लोंबत होत्या. त्या घरातलं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्या रस्त्यावरही नव्हतं. बस सुटली.

संध्याकाळी मी मामांना फोन लावला आणि पाकिटांसकट सगळं सांगून टाकलं.

"कुनाचं घर हाय?"

"माहीत नाही, मामा."

"आन् त्यांनी फुडं कुनाला दिलं?"

"तेही माहीत नाही."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते रानात असावेत.

"मग झालं," ते म्हणाले. "आता ते संपायचं न्हाई."

त्यानंतरही त्यांचे फोन येतात. पाऊसपाण्याचं विचारतात, माझ्या नवऱ्याच्या पाठदुखीचं विचारतात. घेवड्याचं मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.