पागेच्या आक्का

पागेच्या आक्का आठवड्यातून एक-दोनदा तरी उपाशी झोपत. घरात कमी काहीच नव्हतं. सांगलीत हळदीची पेढी, आष्ट्याजवळ मळा आणि मळ्याच्या टोकाला घोड्यांची पागा. पण घर जैनांचं, सूर्य मावळल्यावर ताटावर बसायचं नाही. आणि आक्कांचा स्वतःचा नेम असा, की जनावरांनी तोंड लावल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. एखादी घोडी संध्याकाळी वैरणीकडे पाठ करून उभी राहिली की आक्का तिच्यापाशी थांबत. तिला चुचकारता चुचकारता ऊन मळ्यावरून निघून जाई. मग पदराने हात पुसत त्या मला म्हणत, "दिस बुडला रं बाबू, माजं जेवाणबी बुडलं." आणि हसत. ते हसू पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचं.

नऊवारी नेसून पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारी बाई त्या काळात आमच्या भागात दुसरी नसेल. चामडं त्यांना चालत नव्हतं. पागेत लगामसुद्धा सुती दोराचे. घोडं बघायला आलेले बाजारातले लोक त्या दोरांची थट्टा करत. "आक्का, घोडं हाय का म्हस?" आक्का म्हणत, "म्हस आसती तर तुमी चरवी घिऊन आला आसता. घोडं बगायला आलाय म्हंजी घोडंच आसंल की." थट्टा करणाराच मग खाली बघून हसे.

ही पागा आक्कांच्या सासऱ्यांनी घेतलेली. त्याआधी ती एका छोट्या जहागीरदाराची होती. संस्थानं गेली तेव्हा मिरवणुका गेल्या, स्वार गेले. पाण्याची दगडी डोणी आणि म्हातारी जनावरं तेवढी उरली. सासरे हळदीचे व्यापारी, जागा बघून त्यांनी ती घेतली. घोड्यांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांच्या मुलाला, आम्ही ज्यांना अण्णा म्हणत असू, त्यांना तर घोड्याजवळ गेलं की शिंका येत. नवी सून मात्र लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात पागेत गेली आणि तिथलीच झाली. मी सैन्यात जनावरांच्या तुकडीत होतो. नोकरी संपवून गावी आलो तेव्हा तिशीतला होतो. आक्कांनी बोलावून घेतलं आणि पागा माझ्या हाती दिली. शेजारच्या गावचा, मराठ्याचा पोरगा. पण घरातल्या धाकट्या भावासारखं वागवलं.

विक्रीची त्यांची एक रीत होती. "खोड आदी सांगायची, घोडं मागनं दाखवायचं," असं त्या म्हणत. गिऱ्हाईक बसलं, चहा झाला, की त्या सुरू होत. हा पाण्याला बुजतो. ही उजवीकडनं चढू देत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर मला हाक, "बाबू, आण रं भाईर." वाई-कोरेगावपासून लोक येत ते याच भरवशावर. आक्कांनी सांगितलं नाही म्हणजे खोड नाही.

आता चंद्रीचं सांगतो. चंद्री ही पागेतली सगळ्यात देखणी शिंगी, कोवळी घोडी. ती दीड वर्षाची असताना आक्का बहिणीच्या बाळंतपणाला सीमेकडे माहेरी गेल्या. जाताना बजावून गेल्या, "पल्याडच्या अंगाला कुपाटीत बाबळीच्या फांद्या वाकल्यात, त्या तोडून घे." काटेरी कुंपणाचं ते काम मी उद्या-उद्या करत राहिलो. एके दिवशी आष्ट्याला शर्यती होत्या, तिकडे गेलो. परत आलो तर चंद्रीच्या डाव्या डोळ्याखालचं कातडं फाटून लोंबत होतं. डोळा वाचला होता. तेलात हळद कालवून मी रोज लावत राहिलो. जखम भरली, पण वर आलेले केस सरळ आले नाहीत. गोल फिरून बसले.

महिना-दीड महिन्याने आक्का आल्या. बैलगाडीतून उतरल्या त्या थेट पागेत. चंद्रीच्या तोंडावरून हात फिरवताना थांबल्या.

"बाबू, हे काय रं?"

"भोवरा हाय आक्का," मी म्हणालो. "बाळकेस झडलं, तवा दिसाय लागला."

इतकंच बोललो. कुपाटीचं विचारतील या धास्तीने तोंडाला आलं ते बोललो. आधी ठरवलंही नव्हतं.

घोड्याच्या डोळ्याखालच्या भोवऱ्याला आमच्याकडे आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या दारात, त्याच्या घरी रडणं ठरलेलं, अशी समजूत. आक्का खो खो हसल्या. "केसाला काय कळतंय कुणाला रडवायचं ती!" मलाही हायसं वाटलं. कुपाटी मी त्याच संध्याकाळी साफ केली.

पण आक्कांची रीत मी विसरलो होतो. चंद्रीला बघायला पहिलं गिऱ्हाईक आलं, कोरेगावकडचा एक बागायतदार. चहा झाल्यावर आक्का म्हणाल्या, "आदीच सांगते, हिच्या डोळ्याखाली आसूढाळ हाय. माजा इस्वास न्हाई, तुमचं तुमी बगा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय गड्या, खरं का?" मी चंद्रीचा दोर धरून उभा होतो. होय म्हणून मान हलवली. तो उठला. "घोडी लय गुणाची, आक्का. पर घरात बायकापोरं हायत."

असे बरेच आले आणि गेले. प्रत्येकाला आक्कांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि प्रत्येक वेळी दोर माझ्या हातात होता. पुढे चंद्रीच्या शिंगरांनाही कोणी विचारेना. मग पागेतल्या इतर जनावरांकडेही लोक वाकून वाकून डोळ्याखाली बघू लागले. आक्का तरीही हसत होत्या.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात अण्णा गेले. सांगलीला हळदीचं पेव उघडलं होतं. जमिनीखालच्या त्या कोठारात हवा कोंडलेली असते, उघडून थांबावं लागतं. अण्णांना माल बघायची घाई झाली, ते उतरले आणि वर आलेच नाहीत.

दिवस झाल्यावर आक्का पागेत आल्या. चंद्रीच्या समोर उभ्या राहिल्या, हात लावला नाही. "सगळी सांगत हुती, काडून टाक घोडी. आन् मी दात काडत बसले, बाबू."

मी म्हणालो, "आक्का, पेवातल्या हवेनं गेलं अण्णा."

"व्हय. पर उतरायची बुद्दी कुनी दिली?"

तेव्हा सांगायला हवं होतं. काट्याची जखम आहे, एवढे तीन शब्द. पण त्या शब्दांमागे आता अण्णांचं मरण उभं होतं आणि रिकामी होत चाललेली पागाही. मी वैरण टाकायला गेलो.

त्यानंतर त्यांचं ते हसणं कोणी ऐकलं नाही. बाकीची घोडी मिळेल तिथे गेली, बरीचशी वरातीच्या धंद्यात. चंद्रीला फुकट न्यायला एक-दोघे तयार होते. आक्कांनी दिली नाही. "मला रडवलं ती रडवलं. दुसऱ्याच्या दारात कशाला धाडू?" ती म्हातारी होऊन मरेपर्यंत तिचं दाणापाणी आक्कांनीच केलं, पण कायम उजव्या बाजूने. डाव्या अंगाला त्या कधी गेल्या नाहीत. चंद्रीने खाल्ल्याशिवाय जेवायचं नाही, हा नेम मात्र सुटला नाही. संध्याकाळी डोणीजवळ बसून राहत. दिवस बुडे. आता त्या काही म्हणत नसत.

शेवटी पुतण्याने त्यांना सांगलीला नेलं. आजारी आहेत असं कळलं, तेव्हा मी सांगायचंच ठरवून गेलो. एसटीत वाक्य घोकलं होतं. त्यांनी मला ओळखलं, पलंगावर जागा करून दिली. पुतण्याच्या बायकोला म्हणाल्या, "ह्यो माजा बाबू. दुसरा कुनी आसता तर भवरा झाकून ठेवला आसता. ह्यानं पयल्याच दिशी सांगिटलं." आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. मी चहा प्यालो आणि परत आलो. पंधरवड्यात त्या गेल्या.

पुतण्याने मळा विकला. आता तिथे शहरातल्या लोकांसाठी राहायच्या खोल्या आहेत, हुरडा पार्टी होते. दगडी डोणीत कमळं सोडली आहेत. फाटकाशी सिमेंटचा पांढरा घोडा आहे आणि त्याच्या डाव्या डोळ्याखाली काळ्या रंगाने एक भोवरा काढला आहे. नवा मालक पाहुण्यांना शापित घोडीची आणि हट्टी बाईची गोष्ट सांगतो. मुलं त्या भोवऱ्यावर बोट ठेवून फोटो काढतात.

मालक पोरगा वाईट नाही. मी जाऊन त्याला सांगितलं की भोवरा नव्हता, बाभळीचा काटा लागला होता.

"असेल हो बाबूकाका," तो म्हणाला. "पण काट्याची काय गोष्ट सांगणार?"

परत येताना मी त्या भोवऱ्यावर नख घासून पाहिलं. ऑइलपेंट आहे, निघत नाही.

चंद्रीला आसूढाळ नव्हता. कुपाटी मी तोडली नव्हती. आक्का, खोड मागनं सांगतोय.