बावीस गड्डे आणि एक स्टँडबाय

पानकोबीला तीन शिफ्टमध्ये राखणारा माणूस अख्ख्या भिलाईत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. प्लांटमध्ये जन्मभर शिफ्ट ड्युटी करून मामाजी रिटायर झाले, पण त्यांच्या अंगातली शिफ्ट काही रिटायर झाली नाही. क्वार्टरच्या मागच्या बाडीत, म्हणजे परसात, त्यांनी कोबी लावली आणि दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुरू. सकाळी सहाला ए शिफ्ट, म्हणजे एकेक पान उलटून खालची अंडी अंगठ्यानं पुसायची. दुपारी दोनला बी शिफ्ट, म्हणजे पांढरं फुलपाखरू दिसलं की फाटक्या मच्छरदाणीचं जाळं घेऊन त्याच्यामागे धावायचं. सी शिफ्टला मामींनी साफ नकार दिला म्हणून ती झोपण्याआधी टॉर्चवर उरकायची. या सगळ्यात डोक्यावर पिवळं हेल्मेट. कोबीच्या वाफ्यात डोक्यावर काय पडणार, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पडल्यावर घालून का फायदा, जवाईबापू?" मी पडलो ऑफिसातला बाबू, मला काय कळणार.

नळाच्या पाइपाला सुतळीनं एक वही बांधलेली असे. ती लॉगबुक. "बी शिफ्ट. चार नंबरच्या गड्ड्यावर तीन अळ्या. हातानं काढल्या. बाकी नॉर्मल." खाली सही. मामींनी नुसतं पाणी घातलं तरी सही करावी लागे. "लग्नात बी एवढ्या सह्या नाही घेतल्या माह्या," असं त्या मला ऐकवायच्या, आणि सही करायच्या. पानांवर मावा खाणारे लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे फिरायचे, त्यांना मामाजी सेफ्टीची माणसं म्हणत आणि त्यांचीही हजेरी घेत. निंबोळीचं पाणी चाले, राख चाले, किडीला भुलवायला कडेनं मोहरी चाले. बाटलीतलं औषध मात्र बाडीच्या फाटकातून आत येऊ द्यायचं नाही. कारण ही कोबी घरच्यासाठी नव्हतीच. प्लांटमधल्या त्यांच्या जुन्या गँगमध्ये बावीस माणसं. क्वार्टर सोडून दुर्गला पद्मनाभपुरात मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायची तारीख ठरली होती, आणि जाण्याआधी प्रत्येकाच्या घरी एक गड्डा पोचवायचा, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. बावीस गड्डे मागे, आणि एक स्टँडबाय समोरच्या अंगणात मामींच्या तुळशीशेजारी, गळक्या बादलीत. "लेकराइच्या पोटात जाईन ते," म्हणायचे. "औषध मारून देऊ तं मले तोंड दाखवाले जागा नाही राहणार."

आणि अशा वेळी भंडाऱ्याला पुतणीचं लग्न निघालं. मामाजींनी मला वाफ्याच्या कडेला उभं करून रीतसर चार्ज दिला. हेल्मेटही दिलं. पहिले दोन दिवस मी पानं उलटली. तिसऱ्या दिवशी कमर धरली, आणि चौथ्या दिवशी पाहतो तर नऊ नंबरचा गड्डा अळ्यांनी चाळणी करून ठेवलेला. मी घाबरलो, हे कबूल करतो. हा माणूस परत येऊन मला काय म्हणेल, एवढंच डोक्यात होतं. बाजारातून बाटली आणली, पंप मागून आणला, आणि मागची सगळी बाडी भिजवून काढली. मग हात धुऊन वहीत लिहिलं, "बी शिफ्ट. नऊ नंबरवर अळ्या. हातानं काढल्या. बाकी नॉर्मल." सही केली.

दोन दिवसांनी मामाजी आले. पिशवी खाली न ठेवताच बाडीत गेले, वही वाचली आणि मान हलवली. मग वाफ्यात वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा तळहातावर पाच-सहा ढालकिडे होते, पाय वर केलेले. "नॉर्मल होतं तं हे कावून मेले?"

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते पायरीवर टेकले. "औषध मारलं, ते जाऊ द्या. घाबरते माणूस. पण लॉगबुकात खोटं नाही लिहा लागत, जवाईबापू. पुढच्या शिफ्टचा माणूस वहीच्या भरवशावर हात घालते." मला फार शरम वाटली.

बाटलीवर पंधरा दिवस थांबा असं लिहिलेलं, आणि क्वार्टर सोडायला आठच दिवस होते. निरोपाला गँगची माणसं आली, चहा प्याली, बाडी पाहून गेली. "औषध बसलं आहे, नाही देऊ शकत," एवढंच मामाजी प्रत्येकाला सांगत होते. कोणी मारलं, ते त्यांनी एकालाही सांगितलं नाही. सामान भरून झाल्यावर त्यांनी मला पेन दिला. माझी जुनी एंट्री एका रेघेनं खोडून मी खाली खरी तारीख, खरं औषध आणि कोणत्या तारखेपर्यंत खाऊ नये ते लिहिलं, सही केली. वही नळालाच राहिली, नव्या बिऱ्हाडासाठी.

निघताना त्यांनी बादलीतला गड्डा कापून माझ्या हातात दिला. "समोर तुमचा पंप नाही आला न?" नाही म्हटलं. "मंग खा."

संध्याकाळी बायको तो चिरायला बसली आणि सुरी खाली ठेवून मला बोलावलं. आत अळी होती. हिरवी, खाऊनपिऊन चांगली जाड झालेली. फेकू का, असं तिनं विचारलं. म्हटलं, थांब, आणि पद्मनाभपुरात फोन लावला. "मामाजी, तुमच्या स्टँडबायमध्ये एक अळी निघाली."



"जिती आहे न?" मामाजींनी विचारलं.