पोळ्याच्या दिवशी गेलेली मोटार

दुखणं मिरवावं तर आमच्या मामाजींनी, आणि तेही स्वतःचं नाही, मोटारीचं! अख्ख्या वर्धा जिल्ह्यात असा दुसरा माणूस झाला नाही, हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगेन. मामाजी म्हणजे माझे चुलत सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. स्वराज्य आल्यावर नागपूरचा कोणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची लांबलचक, निळी, आतून मखमल लावलेली गाडी मामाजींनी घेतली आणि आमच्या गावी, आंजीला आणली. आणली म्हणजे, वर्ध्यापर्यंत ती आली. पुढं बैलांनी आणली.

बाकीची माणसं चावडीवर बसली की पोरीचं लग्न, कपाशीवरची कीड असं काही बोलत. मामाजी बसले की विषय एकच. "आज तिचं रेडिएटर उकळलं बाप्पा! असं उकळलं, का सगळ्या चावडीचा चहा झाला असता!" आणि सांगताना चेहरा असा फुललेला, जणू नातू पहिल्या नंबरानं पास झाला. त्या गाडीचा डावा दरवाजा उघडत नसे आणि उजवा मिटत नसे, म्हणून पाहुण्यानं उजवीकडून चढायचं आणि वर्धा येईपर्यंत दार हातानं ओढून धरायचं. भोंगा दाबला तर गप्प. पण वळण आलं की आपल्या मर्जीनं वाजायचा. कोणी चुकून म्हणालं, "काऊन ठेवता इले, विकून टाका ना," की ते चार दिवस त्याच्याशी बोलत नसत.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भावाच्या पुस्तकावरून चोरून अक्षरं गिरवली होती. हे मामाजींना कळलं आणि मी त्या गाडीची चिटणीस झाले! दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन मी ओसरीवर बसायची आणि ते मुंबईच्या कंपनीला पत्र सांगायचे. "लिही सूनबाई. साष्टांग नमस्कार. गाडी चढावर दम टाकून राह्यली. उतारावर मात्र अशी पळते का माणसाले देव आठवते. हा दोष नाई, तिचा सोभाव हाये. तरी एकदा येऊन पाहून जाजो." उत्तर कधी आलं नाही. मामाजी म्हणायचे, "विचार करून राह्यले असतील."

तर अशी ती गाडी. गाडी धडधाकट असली तरी सोन्या-चांद्याची बैलजोडी पुढं चालायचीच, कारण कुठं जुंपावी लागेल याचा नेम नसे. आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोटार चालवता येते असं घरचे म्हणत. येत होती, पण बैल ओढत असताना.

आणि माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या कळा कुठल्या दिवशी याव्या? पोळ्याच्या! दुपारी सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "मूल आडवं हाये. वर्ध्याले न्या, आताच्या आता." आता पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आदल्या दिवशी त्यांच्या खांद्याला तूप-हळद चोळून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं रीतसर आमंत्रण दिलेलं असतं. सोन्या-चांद्या तोरणाखाली शिंगं रंगवून उभे. माझ्या सासूबाई रडत म्हणाल्या, "जुंपा, पोरीचा जीव जाईल!" आमचा सालदार गडी गोविंदा डोळे पुसत बैलांच्या झुली काढायला गेला.

तेवढ्यात मामाजी गरजले, "थांब! जेवाले बोलावलं अन् जुंपतं? माही गाडी हाये ना!"

गोविंदा हळूच म्हणाला, "मालक, तिले ओढाले बी बैलच लागते ना?"

मामाजींचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "आज ती बंद पडली, तर जू मी सोता घेतो."

मला मागच्या गादीवर घातलं, सुईणीनं दार धरलं, हे पुढं बसले आणि मामाजींनी गाडी काढली. गावाचा विश्वास किती, तर तोरणाखालचे पंधरा-वीस गडी दोर घेऊन मागं धावत निघाले! नाल्याच्या चढावर गाडीनं दम टाकला आणि बसली. ज्या माणसाच्या धोतराला कधी चिखलाचा शिंतोडा लागला नाही, तो खाली उतरला, कोट फेकला आणि दोर खांद्यावर घेतला. यांनी सुकाणू धरलं. "ओढा रे!" मी आत ओरडतेय, बाहेर ते ओरडताहेत! चढ सरला, उतार लागला, आणि गाडीनं एक शिंक दिली, अन् सुरू! माणसं उड्या मारून बाजूला पडली. मामाजी चिखलातून ओरडले, "थांबवू नको रे! थांबली का संपलं!"

यांना थांबवता येत होतं कुठं! ती जी सुटली ती थेट वर्ध्यात, दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन आपणहून बंद पडली. दिवस मावळायच्या आत मला मुलगी झाली.

दिवेलागणीला मामाजी आले. पायी, अनवाणी, खांदा दोरानं सोललेला. दारातूनच विचारलं, "पोर कशी हाये?" बरी आहे म्हटल्यावर खाली मान घालून हळूच म्हणाले, "अन् ती?"

पुढं कितीतरी वर्षं गाडी त्यांच्याकडे होती. पण बैलांवाचून तिनं गाठलेलं वर्धा ते एकच, आणि त्या वेळी मामाजी तिच्यात नव्हते. म्हणून दर पोळ्याला, बैलांना पुरणपोळी चारून झाली की ते माझ्याजवळ येऊन बसायचे. "सांग सूनबाई, नाल्यापासून पुढं कशी गेली?" मी सांगायची, "मामाजी, पोटातलं पाणी हललं नाही." ते डोळे मिटून ऐकायचे. शेवटच्या पोळ्याला अंथरुणावरून उठवत नव्हतं, तरी विचारलं. गाडी तेव्हा गोठ्यात होती, तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या.

खरं सांगू? त्या रस्त्यातलं मला काहीच आठवत नाही. शुद्धीत होते कुठं मी! पण सांगता सांगता तो रस्ता आता मला लख्ख दिसतो. दोन्हीकडच्या बाभळी, झुळझुळ जाणारी निळी गाडी, आणि मागं चिखलात उभा राहून दोन्ही हातांनी 'जा, जा' करणारा माणूस.