बुजवलेले बावखल

संध्येच्या आचमनासाठी मी आजवर नळाचे पाणी घेतलेले नाही. वाडीतल्या विहिरीचे पाणी पंचपात्रीत घ्यावे आणि केशवाचे नाव उच्चारून पहिला घोट प्राशन करावा, हा नेम वडिलांकडून आला. म्हणूनच त्या पाण्यात खारेपणा उतरला, तो घरात सर्वांत आधी माझ्या जिभेला कळला. तेव्हा फाल्गुन होता. वैशाखापर्यंत वाडीतल्या दोन्ही सोनचाफ्यांच्या पानांच्या कडा करपल्या आणि देवाला वाहायला एक फूलही उरले नाही.

सहा ऋतूंची नावे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली. अलीकडे मात्र ऋतू त्या पाठाला जुमानत नाहीत. महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो, मग पंधरा-पंधरा दिवस उघडीप, आणि तुळशीच्या लग्नाला पुन्हा सरी. विहीर बिघडल्याचा सारा दोष मी आकाशाला देत असे.

शेजारच्या वाडीतल्या बाईंनी तो दोष मला परत केला. त्या ख्रिस्ती, केळी-पानवेलीच्या बागायतीत वाढलेल्या, माझ्याहून दोन वर्षांनी वडील. कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गुरुजी, पावसाला कशाला नावं ठेवता? तो येतोय अजून. त्याची बसायची जागा तुम्हीच बुजवलीत."

बुजवली होती खरी. वाडीच्या कोपऱ्यात पूर्वजांनी खणलेले बावखल होते, गोड्या पाण्याचे लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू मुरे आणि विहिरीला मिळे. त्या भाराने खाडीचे खारे पाणी दूर राही. डासांची तक्रार आली तेव्हा मीच त्यात राडारोडा टाकू दिला. जलाशय बुजवणे पाप आहे, असे वर्गात शिकवणाराही मीच.

"मग आता काय करू, बाय?"

"खणा. मंत्रानं माती निघत असेल तर तसं सांगा, आम्ही खुर्च्या टाकून बसतो."

अरुंद गल्लीत यंत्र शिरेना, म्हणून पौषापासून फावडी आणि घमेली चालली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की त्यांच्या घरची माणसे येत. माझे मुलगे आणि सुना आधीच चिखलात उतरलेल्या असत. मीही रांगेत उभा राहिलो. "गुरुजी, घमेलं पुढं द्यायचं असतं," बाई काठावरून म्हणत, "पोथीसारखं धरून बसायचं नसतं." ज्येष्ठ लागण्यापूर्वी तळाची काळी माती दिसली. तिला मी नमस्कार केला.

त्या वर्षीही पाऊस लहरीच होता. आषाढातल्या तीन दिवसांत तो असा पडला की रस्ते ओढे झाले. पण बावखल काठोकाठ भरले. पुढच्या लांब उघडिपीत ते बोट-बोट उतरत राहिले, आणि उतरलेले पाणी कोठे जाते हे मला ठाऊक होते. डासांसाठी मासे सोडले. माशांसाठी खंड्या आपणहून आला.

फाल्गुनात मी पंचपात्री हाती घेतली. केशव, नारायण, माधव. तिन्ही घोट गोड.

वैशाखात सोनचाफा असा फुलला की देव्हारा भरून फुले उरली. ओंजळभर घेऊन मी कुंपणाशी गेलो. बाईंनी ती पदरात घेतली आणि मेरीमातेपुढे ठेवून आल्या. आल्यावर म्हणाल्या, "आणा उद्या पन."

तेव्हापासून रोज नेतो.