परक्या घरात दादाचं नाव

आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळे दादा गेला तेव्हा मला रागवायला कोणी नव्हतं. माझ्या मैत्रिणी चर्चमध्ये जाऊन रडायच्या, निदान कुणाला तरी जाब विचारायच्या. आम्ही मूळचे नागपूरचे बौद्ध, मी शाळेत असतानाच ब्रिटनमधल्या कार्डिफला आलेलो. पुढच्या खोलीत कपाटावर बुद्धमूर्ती, तिच्यासमोर मेणबत्ती आणि अगरबत्ती, आणि आई हॉस्पिटलच्या लॅबमधून शिफ्ट संपवून आली की संध्याकाळी वंदना. त्या वंदनेत मागणं नसतं आणि तक्रारही नसते. लहानपणी मला हे फार छान वाटायचं. दादा गेल्यावर मात्र ती शांत मूर्ती माझ्याच्याने बघवेना.

दादा सकाळी सायकलवरून कामावर निघाला आणि एका वळणावर लॉरीखाली आला. एवढंच घडलं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कम्युनिटी सेंटरमध्ये कार्डिफ, न्यूपोर्ट, ब्रिस्टलची आमची सगळी घरं जमली होती. सगळ्यांनी त्रिशरण म्हटलं. माझा आवाज फुटला नाही. शरण जायचं ते कुणाला, आणि कशासाठी, हेच मला कळेना. त्या दिवसापासून मी वंदनेला बसले नाही. त्याचं नावही माझ्या तोंडून निघेना. माझ्यासाठी तो नेहमी दादाच होता, 'सुमेध' अशी हाक मारायची वेळ कधी आली नव्हती. आता ते नाव फोनवरची परकी माणसं घ्यायची. पोलीस, अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचं ऑफिस, बँक. प्रत्येक जण स्पेलिंग विचारायचा आणि मी एकेक अक्षर सांगायची.

मी फिजिओथेरपी शिकत होते. युनिव्हर्सिटीने एक वर्ष थांबायची परवानगी दिली आणि मी एका छोट्या संस्थेतर्फे होंडुरासला व्हॉलंटियर म्हणून गेले. डोंगरातल्या दवाखान्यात म्हाताऱ्या माणसांचे गुडघे-खांदे हलवून द्यायचे, व्यायाम शिकवायचा. काम चांगलं होतं. त्याहून चांगलं हे होतं की तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. भावंडं किती, असं कुणी विचारलं तर मी "एकटीच" म्हणायची आणि विषय संपायचा.

तिथलं काम संपलं तेव्हा मला सीमेपलीकडे एल साल्वाडोरमधल्या एका शाळेत जायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी आईला फोन केला.

"आई, शाळेतलं काम झालं की मी लगेच घरी येत नाही. पुढे निकाराग्वाला जाईन म्हणते. मग बघू."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

आई म्हणाली, "बरं. वेळेवर जेवत जा." ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. बाबा दादानंतर जवळजवळ बोलायचेच थांबले होते. म्हणजे त्या घरात आईला आता बोलायला कुणीच उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. कळूनही मी फोन ठेवला आणि सॅक पाठीवर घेतली.

होंडुरासची बस सीमेपर्यंतच जाते. पुढे चालत पलीकडे जायचं, पासपोर्ट दाखवायचा आणि तिकडची बस धरायची. माझं सगळं सुरळीत झालं. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी पन्नाशीच्या आसपासची एक बाई येऊन बसली. तिच्या मांडीवर कपड्यात बांधलेलं मोठं गाठोडं होतं आणि त्यातून ताज्या गोड पावाचा वास येत होता. बस डोंगरात शिरली, पाऊस सुरू झाला, काचा धुरकट झाल्या. माझं स्पॅनिश तोडकंमोडकं, म्हणून मी बोलायचं टाळत बाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने ती बाई सहज, हवापाण्याची चौकशी करावी तशी, म्हणाली, "तुझं कोण गेलं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी म्हटलं, "भाऊ." इतक्या महिन्यांत परक्या माणसाजवळ मी पहिल्यांदा हे बोलले होते. तिने मान हलवली आणि आपला हात माझ्या हातावर ठेवला. पुढे काही विचारलं नाही. तिने कसं ओळखलं, हे मला अजून माहीत नाही. माझ्या चेहऱ्यावर दिसत असेल, असं आई म्हणते. असेलही. पण तो चेहरा घेऊन मी सगळीकडे हिंडले होते आणि तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर बस थांबली. वळणाच्या पलीकडे डोंगराचा कडा खाली आला होता आणि रस्त्यावर माती, दगड, उपटलेली झाडं पसरली होती. कुणाला काही झालं नव्हतं, पण रस्ता मोकळा व्हायला सकाळ होईल, असं ड्रायव्हरने सांगितलं. आजूबाजूच्या गावांतले लोक आपापलं सामान घेऊन पायवाटांनी निघून गेले. माझ्या फोनला सिग्नल नव्हता. संस्थेने बजावलं होतं की काही झालं तरी गाडीजवळ थांबायचं, अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही. मी बसून राहिले.

ती बाई खाली उतरली, चार पावलं गेली आणि परत आली. दारातून म्हणाली, "माझं घर इथून जवळ आहे. आज माझ्या मुलाच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस आहे. चल."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "दोन्या एल्व्हिराला इथे सगळे ओळखतात. जा तू. बस कुठे पळून जात नाही." मोठ्या बाईला तिकडे आदराने दोन्या म्हणतात, आपल्या ताईसारखं.

मी उतरले. विचार करून उतरले असं म्हणता येणार नाही. गेले कित्येक महिने मी प्रत्येक गोष्ट घट्ट धरून चालले होते, कुणी मदत करू लागलं तर आधीच नको म्हणत होते. त्या दारात उभी असताना माझ्यात नको म्हणायचं बळच उरलं नव्हतं. चिखलाची एक घळ ओलांडायची होती. दोन्या एल्व्हिराने गाठोडं डोक्यावर घेतलं, मागे वळून हात पुढे केला, आणि मी तो धरला.

तिचं घर टेकडीच्या उतारावर होतं. अंगणात ताडपत्री बांधून खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारच्या बायका कॉफी उकळत होत्या. मी पाव वाटायला मदत केली. आतल्या खोलीत पांढऱ्या कापडाने झाकलेलं टेबल, मेणबत्त्या, फुलं आणि मधोमध फ्रेममध्ये एका तरुणाचा फोटो. विल्मर त्याचं नाव. राजधानीत बांधकामावर होता, तिथे उंचावरून पडला. दादाच्याच वयाचा असावा. त्यांच्याकडे माणूस गेल्यावर नऊ दिवस शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात, आणि शेवटच्या दिवशी ते टेबल उचलतात.

उजेड कमी होत आला तसे लोक जमले. एक म्हातारी पुढे बसून प्रार्थना सांगायची आणि बाकीचे मागून म्हणायचे. मला शब्द पुरते कळत नव्हते, पण त्या आवाजाची चाल ओळखीची होती. एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं, असंच तर मी लहानपणापासून ऐकत आले होते. मध्येच ती म्हातारी थांबली आणि लोक आपापल्या घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊ लागले. कुणी आईचं, कुणी मुलीचं. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून देवमातेला म्हणत, त्याच्यासाठी प्रार्थना कर, तिच्यासाठी प्रार्थना कर.

दोन्या एल्व्हिरा माझ्या कानाशी वाकली. "तुझ्या भावाचं नाव काय?"

मी नाही अशी मान हलवली. मला सांगता येत नाही, एवढं कसंबसं म्हटलं. मग, आमच्यात देव नसतो, हेही म्हटलं. ती म्हणाली, "नाव तर असतं ना?"

सगळे थांबले होते. घाई कुणालाच नव्हती. बाहेर ताडपत्रीवरून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, आता रडू येईल आणि मी उठून जाईन. पण मी उठले नाही. मी म्हटलं, "सुमेध."

त्यांना 'ध' म्हणता येईना. सगळे म्हणाले, "सुमेद." मग म्हणाले, त्याच्यासाठी प्रार्थना कर. त्या खोलीतल्या एकाही माणसाने माझ्या दादाला पाहिलं नव्हतं. कार्डिफ कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसावं. तरीही ते नाव त्यांनी आपल्या आयांच्या आणि मुलांच्या नावांमध्ये बसवलं, आणि पुढच्या नावाकडे गेले. मी खूप रडले. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, शेजारच्या बाईने फक्त तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लावली.

शेवटी टेबलावरच्या वस्तू एकेक करून उचलल्या गेल्या. फुलं, मेणबत्त्या, कापड. फोटो दोन्या एल्व्हिराने स्वतः उचलला आणि छातीशी धरून उभी राहिली. ती रडत नव्हती. स्वतःच्या मुलाच्या शेवटच्या दिवशी, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी मुलीच्या दुःखाला तिने आपल्या घरात जागा केली होती, हे मला तेव्हा कळलं. शरण जाणं म्हणजे आपण संपणं, अशी माझी समजूत होती, म्हणून मी त्याला घाबरत होते. त्या खोलीत मला जे झालं त्यात काही संपलं नाही. फक्त जे मी एकटीने उचललं होतं, त्याला इतरांचे हात लागले. आम्ही बुद्धाला आणि धम्माला शरण जातो, तसे संघालाही जातो. संघ म्हणजे कोण, याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या रात्री गोधडी पांघरून पडल्यावर मला त्या माणसांचे चेहरे आठवत राहिले.

सकाळी रस्ता मोकळा झाला. दोन्या एल्व्हिराचा फोन नंबर मी लिहून घेतला आणि तिच्या भावाने मला पिकअपमधून पुढच्या गावापर्यंत सोडलं. तिथे सिग्नल मिळाला. आईचा आवाज ऐकल्यावर मी आधी सुमेध म्हटलं, मग बाकीचं सांगितलं. आई सगळं ऐकत राहिली. शेवटी मी म्हटलं, "शाळेचं काम झालं की मी घरी येते." ती म्हणाली, "ये. बाबांनाही सांगते." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, ती माझ्याजवळ रडली.

दादाच्या स्मृतिदिनाला मी घरी होते. आमची सगळी घरं पुन्हा जमली. वंदना सुरू होण्याआधी आई भिक्खूंजवळ गेली आणि हात जोडून म्हणाली, "भन्ते, सुमेधबरोबर अजून एक नाव घ्या. विल्मर."

"हे कोण?"

"सुमेधच्या बरोबरीचा मुलगा आहे," आई म्हणाली. "त्याच्या आईने आमच्या मुलाचं नाव घेतलं होतं."

भन्तेजींनी दोन्ही नावं घेतली. बाबांचा आवाज माझ्या शेजारी होता, खोल आणि थोडा कापरा. आईने ते सगळं फोनवर रेकॉर्ड करायला लावलं आणि मी ते दोन्या एल्व्हिराला पाठवलं. दोन दिवसांनी तिचा आवाजी मेसेज आला. मागे कोंबड्या ओरडत होत्या. ती म्हणत होती, "माझा मुलगा कधी विमानात बसला नव्हता. आता केवढ्या लांब जाऊन आला."

मी तो मेसेज आईला मराठीत सांगितला. आई म्हणाली, "तिला आपले आभार कळव." मी कळवले. त्या बसमध्ये माझ्या शेजारी ती का बसली, हे मी कुणाला विचारत नाही. ती बसली, तिने विचारलं, आणि मी तिचा हात धरला, याबद्दल मी आयुष्यभर कृतज्ञ आहे.