उद्यापन नसलेलं व्रत

"तुमचं लिव्हर कडक होत चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

न्युरेम्बर्गच्या हॉस्पिटलात उजवा हात डोक्याखाली घेऊन मी उताणी पडले होते आणि एक यंत्र बरगड्यांवर टिचक्या मारत होतं. या तपासणीला फायब्रोस्कॅन म्हणतात. टिचकीची लाट लिव्हरमधून कशी जाते, त्यावरून ते किती कडक झालंय हे कळतं. माझ्या लिव्हरमध्ये चरबी साठून आत व्रण धरायला लागले होते. याचं नाव फायब्रोसिस. "वजन उतरवा. आत्ता थांबवता येईल. पुढे गेलं, की सिरॉसिस."

तो शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे बाबा सिरॉसिसने गेले. जन्मात दारूचा थेंब न घेतलेला माणूस, तरी तेराव्याला जेवायला आलेले दोघं-तिघं "पीत असणार हो" म्हणत होतेच. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मला तसं मरायचं नव्हतं. माझी मुलगी इरा अजून शाळेत होती.

साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं. "व्रत समज," त्या म्हणाल्या. "नेम धरला की माणूस डगमगत नाही."

हे मला जमण्यासारखं होतं. भात सोडला, साखर सोडली, दिवेलागणीनंतर खाणं सोडलं. इथे उन्हाळ्यात दहा वाजले तरी उजेड, म्हणून दिवेलागण साताऱ्याची धरली, सातची. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की मी हात जोडायची. भूक लागायची, पण व्रताला भूक लागायचीच. वर्षभरात चौदा किलो उतरले. स्कॅनही सुधारला.

डॉक्टरीणबाईंनी उठून हात मिळवला. "आता वेट मेंटेनन्स. उतरलेलं वजन तिथेच धरून ठेवायचं. हे उतरवण्यापेक्षा अवघड असतं. तीन महिन्यांनी या." मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली आणि ऐकलं काहीच नाही. माझ्या डोक्यात उद्यापन चालू होतं.

व्रत पुरं झालं की उद्यापन करायचं, नाहीतर फळ मिळत नाही, हे सासूबाईंचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं. ओळखीच्या पाच सवाष्णी बोलावल्या, ओट्या भरल्या, पुरणपोळ्या केल्या. वर्षभराने पोळीवर तुपाची धार धरली. सगळ्या म्हणाल्या, सुटलीस बाई. मी वजनकाटा पुसून केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ठेवून दिला. तीन महिन्यांनी दवाखान्यात गेले नाही. बऱ्या माणसाचं तिथे काय काम?

नंतर मी अधाशासारखं खाल्लं, असं मुळीच नाही. चारचौघींसारखी जेवत होते. दुपारी थोडा भात, सणाला गोड. तरी उन्हाळ्यात पंजाबी ड्रेस दंडाला काचायला लागला. ह्यांनी एकदाच विचारलं, "अगं, तपासणी कधी आहे?" मी ड्रेसची शिवण उसवायला घेतली.

शेवटी गेले. वेटिंग रूममध्ये शिरताना बसलेल्या सगळ्यांना नमस्कार करायची इथली रीत आहे. त्या दिवशी मी खाली बघत सरळ कोपऱ्यातली खुर्ची गाठली. यंत्राने टिचक्या मारल्या. लिव्हर आधीपेक्षाही कडक.

"वजन उतरलेल्या शरीराला कमी अन्न पुरतं आणि भूक मात्र जास्त लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते जुन्या वजनाकडे ओढत राहतं. हा तुमचा आळस नाही. पण उतरवावं लागेल, आणि मग तिथेच राहावं लागेल."

"कधीपर्यंत?"

"इमर." कायम.

बाबांच्या वेळी रडले नव्हते तेवढी मी ट्राममध्ये रडले. एक वर्ष माणूस कसंही काढतं. कायमचं कसं काढायचं?

वजनकाटा तळघरातून पुन्हा वर आला. वजन उतरलं, पण रडतखडत, सगळं नाही. कालचं वजन आज तिथेच असलं, तर तोच सण. कौतुक कोणी करत नाही, कारण दिसण्यासारखं काही घडतच नाही. भूक गेलेली नाही. माझं वेगळं ताट बघून इरा "शोन वीडर?" म्हणते, आज पण तेच? तिला मराठी कळतं, म्हणून मी मराठीत सांगते, हो, उद्या पण. लिव्हरचे व्रण भरून येतील का, हे डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मीही आता विचारत नाही.

तुमच्यापैकी कुणाला हेच सांगितलं गेलं असेल, तर धीर द्यायला माझ्याकडे फारसं काही नाही. एवढंच सांगते, वजन उतरलं त्या दिवशी जेवण घालू नका. तीन महिन्यांची तारीख पाळा. ती तारीख देणाऱ्या बाईंची मी ऋणी आहे, तेव्हा ऐकलं नाही तरी.

परवा सासूबाईंनी फोनवर विचारलं, "मग ह्या खेपेचं उद्यापन कधी गं?"

"आई, ह्याला उद्यापन नाही."

आमच्याकडे व्रत अपुरं ठेवून बाई गेली, तर मागे राहिलेलं कुणीतरी तिच्या नावाने उद्यापन उरकून टाकतं. त्यांच्याही मनात तेच आलं असणार.

"मग राहू दे गं तसंच," त्या म्हणाल्या. "अपुरं राहू दे. खूप वर्षं राहू दे."